घरून नेलेलं सॅम्पल

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. माझ्या बायकोचं एक गुपित तिच्या तोंडून कळण्याआधी मला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या एका काचेच्या नळीतून कळलं होतं. तिची समजूत अशी आहे की ते तिने मला सांगितलं. तिने सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा केला होता. तो चेहरा अजून तसाच ठेवलाय.

मी न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राच्या विभागात काम करतो. प्राध्यापक नाही. एनएमआरची मशिनं सांभाळतो आणि त्या निमित्ताने थोडं स्वतःचं संशोधन करतो. एनएमआर म्हणजे मोठ्या पिंपाएवढं चुंबक. त्याच्या पोटात नळी सोडली की आतल्या रेणूंमधले अणू आपापल्या सुरात उत्तर देतात आणि स्क्रीनवर उभ्या रेघा उमटतात. अडचण अशी की हायड्रोजन सगळीकडे असतो. चहा घाला, रक्त घाला, सगळे एकदम बोलायला लागतात आणि कुणाचंच धड ऐकू येत नाही. फ्लोरिनचं तसं नाही. सजीवांच्या अंगात तो अशा रेणूंमध्ये जवळपास सापडतच नाही. म्हणून आम्ही एक रेणू बनवतो, त्याला प्रोब म्हणतात. त्यात धातूचा एक अणू, त्याच्याजवळ बसायला एक जागा आणि लागूनच फ्लोरिन. मिश्रणातला नायट्रोजनवाला एखादा रेणू त्या जागेवर येऊन बसला की फ्लोरिनची रेघ जराशी सरकते. किती सरकली त्यावरून कोण आलं ते ओळखायचं.

मी घरी फोनवर हे पंगतीच्या भाषेत सांगितलं होतं. पंगतीत शेजारी कोण येऊन बसलं ते न बघताही कळतं ना, आपण किती सरकून बसलो त्यावरून? तसं. भाऊ म्हणाला, "म्हणजे कोण किती सरकलाय हे तुला अमेरिकेत बसून कळतं तर!" आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो.

आमच्या लॅबमध्ये एक पद्धत पडली होती. प्रोब नवीन बनला की जो तो घरून काहीतरी घेऊन यायचा. कुणी ग्रीन टी, कुणी कॉफी. आमच्याकडे पीएचडी करणारी नागपूरची एक मुलगी होती, तिने एकदा भिजवलेल्या मेथीचं पाणी आणलं. मी ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून सुके बोंबील नेले, तर बाकीच्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पण बोंबलांच्या रेघा इतक्या देखण्या आल्या, की शेवटी सगळे नाक धरून बघायला आले.

मग पुढची पायरी होती लघवीची. माणसाच्या लघवीत नायट्रोजनवाले रेणू खूप, आणि ते वेगळे न काढता प्रोबला ओळखता आले तर डॉक्टरांच्या कामाचं. माणसाचं काही तपासायचं तर विद्यापीठाची रीतसर परवानगी लागते. अर्ज करायचा, वाट बघायची. मला फक्त पद्धत चालते का एवढंच बघायचं होतं. एक साधं, स्वच्छ सॅम्पल हवं होतं, ज्यात काही भानगड नाही असं. मी स्वतः रक्तदाबाची गोळी घेतो. त्यामुळे मी बाद.

बायकोला विचारलं. ती शाळेत गणित शिकवते. चहा घेत नाही, कॉफी घेत नाही, डोकं दुखलं तर सुंठ उगाळून लावते.

"अहो, काय मागताय ते कळतंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "लोक बायकोकडे डबा मागतात."

"सायन्ससाठी."

"सायन्ससाठी म्हणे. बोंबील संपले वाटतं."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली बाथरूमच्या कट्ट्यावर ठेवलेली होती. वर तिच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'हिच्यात तरी सापडू दे काहीतरी.' ती थट्टा होती. औषधं लघवीतून उतरतात, हे तिच्या डोक्यातही आलं नसावं. आणि माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मला खात्री होती. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या बाईबद्दल मला माहीत नाही असं काही उरलंय, ही शंकाही मला शिवली नव्हती. म्हणून तर मी सॅम्पलसाठी तिला निवडलं.

बाटलीतला अर्क काढला, आटवला, प्रोब घातला आणि मशीन शनिवार-रविवार चालू ठेवलं. सोमवारी नागपूरची मुलगी माझ्याआधी स्क्रीनसमोर बसलेली होती.

"बाप्पा! सर, हे काय आलं?"

प्रोबच्या रेघा जिथे यायला हव्यात तिथे होत्या. पण त्यांच्यापासून बऱ्याच दूर, जिथे काहीच नको, तिथे एक बारीक, सरळ रेघ उभी होती.

"घाण असेल," मी म्हणालो. "नळी धुतली होती का नीट?"

"मीच धुतली, सर. माझ्या धुण्यावर संशय घेऊ नका, आईपण घेत नाही."

मी तोच अर्क प्रोब न घालता चालवला. आता नळीत आमचं फ्लोरिन नव्हतंच. तरीही रेघ जागच्या जागी. म्हणजे अर्कात जे होतं, ते स्वतःचं फ्लोरिन घेऊन आलं होतं. आणि असं फ्लोरिन माणसाच्या अंगात एकाच वाटेने येतं, औषधाच्या.

ती म्हणाली, "ज्यांचं सॅम्पल आहे त्यांनाच विचारा ना, सर, कोणती गोळी घेता म्हणून. विचारलं की संपलं."

"नाव माझ्याकडे नाही," मी म्हणालो. हे माझं पहिलं खोटं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती डबा खायला गेली.

त्या जागी रेघ देणारी औषधं फार नाहीत. त्यातलं एक नैराश्यावरचं आहे, जुनं आणि बऱ्याच लोकांना दिलं जाणारं. त्याच्या रेणूत तीन फ्लोरिन एकत्र असतात आणि एक नायट्रोजनही. आमच्या कपाटात त्याची छोटी बाटली होती, कारण प्रोब तपासायला आम्ही तसले रेणू वापरतोच. ओळख पक्की करायची असेल तर त्यातला कणभर नळीत घालायचा. दोन रेघा झाल्या तर पदार्थ वेगळा. तीच रेघ उंच झाली तर पदार्थ तोच.

मी कधी बायकोचा फोन उघडला नाही. पर्स उचकली नाही. तिच्या नावाचं टपालसुद्धा मी फोडत नाही, आणि ह्या गोष्टीचा मला मनातून अभिमान होता. त्या दुपारी मी कपाटातून ती बाटली काढली आणि कणभर पांढरी पूड नळीत घातली.

रेघ उंच झाली.

मला आधी राग आला नाही. अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. मग एकेक सुचत गेलं. गोळी म्हणजे डॉक्टर. डॉक्टर म्हणजे अपॉइंटमेंट, कारण, प्रश्न, उत्तरं. कुठल्यातरी खोलीत बसून हिने एका परक्या माणसाला सांगितलं की मला जगणं जड होतंय, आणि मग घरी येऊन मला विचारलं, भाजी कुठली करू? आमच्या लोकांत नवराबायको एकमेकांशी फार बोलतात असं नाही. पण मी समजत होतो, आमच्यात न बोललेलंही दोघांना ठाऊक असतं. ते मी एकट्यानेच समजत होतो. मी किती वर्षं एका बाईशेजारी झोपत होतो जी मला काही सांगत नव्हती, ह्या विचाराने मला घरी जावंसं वाटेना.

त्या संध्याकाळी तिने विचारलं, "सापडलं का काही तुमच्या फ्लोरिनला?"

मी म्हणालो, "काही नाही. अगदी साफ."

"बघा, म्हटलं नव्हतं!" ती पोळी लाटत होती. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. तेव्हा विचारलं असतं तर संपलं असतं. पण माझ्या मनात एकच होतं: हिने आपणहून सांगितलं पाहिजे. मी का विचारू? फसवलं हिने आहे.

सॅम्पल खराब होतं असं मी लॅबमध्ये सांगितलं, त्या रेघा काढून टाकल्या आणि परवानगीचा अर्ज करायला घेतला. बाहेरून सगळं नियमाप्रमाणे झालं.

घरात मात्र मी बोलेनासा झालो. तसा मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे तिला फरक कळायला वेळ लागला असणार. मी वाट बघत होतो. ती जेवायला वाढायची, मी बघायचो, आता सांगेल. गाडीत बसायची, आता सांगेल. ती सांगायची आमच्या मुलीच्या कॉलेजच्या अर्जांचं, शाळेतल्या मुलांचं.

मग शरद ऋतूत एका रविवारी आमच्या ओळखीतल्या काकूंकडे जेवणं होती. ह्या काकू आमच्या सगळ्यांत मोठ्या. कुणाची बाळंतपणं, कुणाचे व्हिसे, सगळ्यांत त्यांचा हात. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला, हिने मसालेभात केला होता. बोलता बोलता कुणाच्यातरी भाच्याचा विषय निघाला. मुलगा कॉलेजात आहे, उदास असतो, गोळ्या सुरू केल्या.

मी सहसा अशा बैठकीत तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं.

"आजकाल सगळ्यांनाच गोळी लागते," मी म्हणालो. "जरा मनाविरुद्ध झालं की गोळी. आमच्या घरी बरं आहे. ही क्रोसिनसुद्धा घेत नाही. विचारा हिला. काय गं? घेतेस का तू काही?"

ती कुणालातरी भात वाढत होती. हातातला डाव थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान वळवली नाही. सगळे तिच्याकडे बघून हसत होते, कौतुकानेच.

"नाही," ती म्हणाली. "मी कशाला घेऊ?"

काकू ताडकन म्हणाल्या, "ए, तू गप बस. तुला माणसातलं काय कळतं? नळ्या धू तुझ्या." सगळे हसले. पण काकूंचा आवाज थट्टेचा नव्हता, आणि त्यांनी लगेच हिच्या हातातून डाव काढून घेतला. "दे इकडे, तू बस जेवायला." मला तेव्हाच कळलं. काकूंना माहीत होतं. डॉक्टरांकडे त्यांनीच नेलं असणार. म्हणजे मला सोडून तिने काकूंना सांगितलं होतं. घरी येताना गाडीत मला त्याचंच जास्त लागलं होतं. हिला चारचौघांत खोटं बोलायला लावलं ते मला टोचलंच नाही. उलट वाटलं, आता तरी सांगेल.

तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. थंडी पडली.

आता जे लिहितो आहे ते लिहिताना मी दोनदा उठलो.

नवीन वर्ष लागल्यावर मी तिच्याकडे परत सॅम्पल मागितलं. "पहिलं खराब झालं होतं," म्हणालो. लॅबला त्याची गरज नव्हती. परवानगी येऊन रीतसर सॅम्पलं मिळायला लागली होती. ह्या वेळी तिने थट्टा केली नाही, चिठ्ठी ठेवली नाही. बाटली मात्र ठेवली. तिच्या त्या न विचारण्यावरूनही मला काही समजलं नाही.

मी एकट्यानेच ते चालवलं. दूरची ती रेघ नव्हती. परत चालवलं, जास्त वेळ. नव्हती.

आणि मला आनंद झाला. जिंकल्यासारखा. गोळी सुटली, म्हणजे गुपित सुटलं, म्हणजे आमचं पूर्वीसारखं झालं. तिच्यापर्यंत माझं बोलणं पोचलं, असं मी स्वतःला म्हणालो. घरी जाताना आयसेलिनच्या भारतीय दुकानात थांबून तिला आवडते ती बाकरवडी घेतली. तिने पाकीट घेतलं, ओट्यावर ठेवलं. ते आठवडाभर तिथेच होतं. ती तेव्हा रोज शाळेतून येऊन कोट न काढता सोफ्यावर बसून राहायची. मुलगी म्हणाली, "बाबा, आई इज नॉट ओके." मी म्हणालो, "थंडी आहे. उन्हाळा आला की बरं वाटेल."

एका शनिवारी दुपारी ती किराणा आणायला गेली. संध्याकाळ व्हायला लागली तरी आली नाही. मुलगी फोन लावत होती. "शी इज नॉट पिकिंग अप, बाबा. तिचं लोकेशन बघ, शी हॅजन्ट मूव्ह्ड." मी दुसरी गाडी काढून गेलो. ओक ट्री रोडवरच्या दुकानामागच्या पार्किंगमध्ये आमची गाडी उभी होती. इंजिन बंद. काचा आतून श्वासाच्या वाफेने धुरकटलेल्या. ती ड्रायव्हरच्या सीटवर, हात मांडीवर. मी दार उघडून शेजारी बसलो. मागच्या सीटवर किराण्याच्या पिशव्या होत्या. फ्रोजन पराठ्यांची पाकिटं अजून दगडासारखी होती, इतकी त्या गाडीत थंडी होती.

"अगं, काय झालं?"

तिने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "चावी फिरवायची आठवण होत नव्हती. म्हणजे कळत होतं, फिरवायचीय. हात उचलत नव्हता."

मी गाडी सुरू केली, हीटर लावला.

"तुम्हाला एक सांगायचंय. रागावू नका."

"नाही रागवत."

"मी गोळ्या घेत होते. मनाच्या. आई गेली ना, विमानं बंद होती तेव्हा, त्यानंतर. मी फोनवर बघितलं सगळं. तुम्ही म्हणालात, सावर आता. मी सावरले, पण आतून नाही सावरता आलं. काकूंनी नेलं डॉक्टरांकडे. तुम्हाला सांगायचं होतं. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, ह्यांना किती विश्वास आहे माझ्यावर, मी खंबीर आहे म्हणून. तो का मोडू?"

हीटरमधून अजून गार हवाच येत होती.

"मग त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ही काही घेत नाही. इतक्या अभिमानाने. मला फार लाज वाटली. तुम्ही माझ्याबद्दल खोटं बोलताय आणि तुम्हाला ते ठाऊकही नाही, आणि ते माझ्यामुळे. म्हटलं, निदान तुमचं वाक्य तरी खरं करावं. सोडल्या गोळ्या. डॉक्टरांनापण नाही विचारलं."

तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "मी तुम्हाला फसवलं. मला माफ करा."

ह्या क्षणी मला बोलायचं होतं. मला माहीत होतं, एवढंच म्हणायचं होतं. मला माहीत होतं, म्हणून तर मी ते वाक्य बोललो. ते अभिमानाचं नव्हतं.

मी म्हणालो, "अगं, मला सांगायचंस ना आधी."

आणि तिचा हात हातात घेतला. ती रडली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मी तिला थोपटत होतो, मोठ्या मनाच्या माणसासारखा.

सोमवारी मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर तिला रागावल्या, एकदम बंद करायच्या नसतात म्हणून. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पूर्वपदावर यायला तिला उन्हाळा उजाडला. आता गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी उघड्यावर असते, कुणीही बघावी. मुलगी कॉलेजला जाताना तिला म्हणाली, "आय ॲम प्राउड ऑफ यू गाईज. तुम्ही बोलता एकमेकांशी." मी बॅग उचलून गाडीत ठेवायला गेलो.

काकूंनी मला एकदा बाजूला घेतलं. "चुकले रे मी तुला बोलले ते," म्हणाल्या. "ही सांगत होती, ह्यांना सगळं सांगितलं, एका शब्दानेही टाकून बोलले नाहीत. माणूस असावा तर असा." मी काकूंनाही काही बोललो नाही. आमच्या ओळखीत आता कुणाच्या घरी असं काही असलं की त्या म्हणतात, ह्याच्याशी बोला, हा समजून घेतो. दोन जण येऊन बोलूनही गेले.

मी अजून कधीकधी मनात फसवला गेल्याचा तो जुना राग शोधतो. तो होता, खरा होता, हे मला नाकारता येत नाही. तिने मला सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण तिने माझ्यापासून लपवलं ते मला धक्का बसू नये म्हणून. मी तिच्यापासून लपवलं ते तिला शिक्षा व्हावी म्हणून. हे दोन्ही एका तागडीत घालायचा मी खूप प्रयत्न केला.

हे लिहिलेलं तिच्या हातात द्यावं आणि आपण बाहेर निघून जावं, असं मनात आलं होतं. तेही पुन्हा तसंच झालं असतं, समोर न बसता कळवणं. कागदावर लिहून भागणार नाही. तिच्यासमोर बसून सांगायला लागेल. चहाच्या डब्याशेजारी बाटली आहे, टेबलाला दोन खुर्च्या आहेत.

त्या गाडीत तिने माझी माफी मागितली आणि मी ती ठेवून घेतली. ती माफी माझ्या वाट्याची नव्हती. ती तिला परत करणं आणि माझी स्वतःची मागणं, एवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.